पोरांसाठी लिहिता, म्हणजे दिवसभर नक्की करता काय?

चाटीगल्ली (धागाकर्ती)

दिवाळी अंकांच्या धाग्यावर एका सभासदाने मला सरळच विचारलं होतं, "ताई, पाचशे शब्दांची गोष्ट लिहायला असा कितीसा वेळ लागतो? बाकी दिवसभर काय करता?" तिथं अवांतर नको म्हणून इथं लिहितेय.

मी सोलापूरची. मुलांसाठी लिहिते, दुसरी नोकरी नाही. घरात नवऱ्याचा पगार येतो म्हणून हे जमतं, ते आधीच सांगते. नाहीतर हे वाचून उद्या कुणीतरी राजीनामा द्यायचा.

लिहायचं काम सकाळी. उन्हाळ्यात आमच्याकडे अकरानंतर डोकं आणि पंखा दोन्ही नुसतेच फिरतात. पाणी यायचा दिवस असला तर सकाळही गेलीच, कारण नळ आला की घरातलं प्रत्येक भांडं भरल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. चित्रपुस्तकाचा मजकूर खरंच चारपाचशे शब्दांचाच असतो. पण छपाईचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडायची पानं, सोळा पानांचा, त्यामुळे गोष्टही सोळा नाहीतर चोवीस पानांत बसवावी लागते. मी पाठकोरे कागद दुमडून मध्ये टाचण्या मारते, त्या वहीत पेन्सिलीनं वाक्यं मांडते आणि पानं उलटून बघते. उजव्या पानाच्या शेवटी गोष्ट अडली पाहिजे, तर मूल पान उलटतं. जे चित्रात दिसणार ते शब्दांत ठेवायचं नाही. "लाल फ्रॉक घातलेली मुलगी झाडाखाली बसली होती." चित्रात मुलगी, फ्रॉक आणि झाड तिन्ही असतील तर हे वाक्य कशाला? असं खोडत खोडत आठशेचे चारशे शब्द होतात. विचारणाऱ्या सभासदांना उरलेले चारशे दिसतात, खोडलेले दिसत नाहीत.

नुकतं वाचायला शिकलेल्यांसाठी लिहायचं तर आणखी गंमत. त्यांच्यासाठी जोडाक्षरं शक्यतो टाळतात. आता सोलापुरात बसून जोडाक्षराशिवाय लिहून दाखवा! ग्रामदैवत सिद्धेश्वर गेला, त्याच्या यात्रेचा गड्डा गेला, मिरवणुकीतले नंदीध्वज गेले. जत्रा म्हणावं तर तिथंही त्र. हाताशी उरतात चादर, हुरडा आणि ऊन.

तरीही लिहिणं हा दिवसाचा लहान तुकडा. बाकीचा दिवस मोठ्या माणसांत जातो. माझा वाचक आठ वर्षांचा, त्याच्या खिशात फार तर गोट्या. पुस्तक विकत घेणार त्याच्या बाई, मुख्याध्यापक, ग्रंथपाल, आत्या, नाहीतर वाढदिवसाला "काहीतरी उपयोगी द्यावं" म्हणणारे शेजारी. या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यातून मुलांनी काय शिकायचं?" मुलांनी हे मला आजवर विचारलेलं नाही. ती विचारतात, "कुत्र्याचं नाव काय?" किंवा "मग तो परत आला का?" प्रकाशकाला पाठवायच्या टिपणात मात्र कुत्र्याचं नाव चालत नाही, तिथं "सहकार्य व प्राणिप्रेम" असं लिहावं लागतं. हे लिहिण्यात मी आता चांगलीच तरबेज झाले आहे.

मग शाळा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरला बालदिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. लग्नसराईत बँडवाल्यांची होते तशी या दिवसांत आमची ओढाताण, एरवी कुणाला लेखक आठवत नाही. सोलापुरात जानेवारीही भरलेला असतो, कारण १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन आणि त्याच आठवड्यात गड्ड्याची यात्रा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हे तिसरीच्या मुलांपुढे बोलायचं असतं. मागे फलकावर "शौर्यगाथा" आणि समोरून एक मुलगी विचारते, "त्यांच्या आईला कुणी जाऊन सांगितलं?" मी फाशीपासून सुरू करत नाही. १९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला तिथून सुरू करते. रस्त्यावर सैन्य आलं की तुमच्या गल्लीत काय काय बंद होईल, ते मुलांकडूनच वदवून घेते. दुकान, दूध, खेळ, शाळा (इथं टाळ्या पडतात). फाशीला एकच वाक्य, तेही आवाज न चढवता.

मानधन म्हणाल तर श्रीफळ आणि शाल. सोलापूर असल्यामुळे शालीच्या जागी बऱ्याचदा चादर किंवा टॉवेलचा जोड. मस्त असतात, वर्षानुवर्षं टिकतात, पण वीजबिलाच्या खिडकीवर घेत नाहीत.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तशी उत्तरं देईन.

हुतात्मा_एक्सप्रेस

आलं बे आपलं सोलापूर! पुण्यात "काय करलालास" म्हणायला कुणी उरलं नाही, तेवढी तहान भागली. शेंगाचटणीवर एखादी गोष्ट लिहिली का नाही?

चाटीगल्ली

नाही. चटणी, कडक भाकरी आणि चादर एकाच गोष्टीत घातली की ती पर्यटन खात्याची होते. तुमच्या नावाच्या गाडीवर मात्र लिहिलीय. पुण्याला प्रकाशकाकडे जायचं तर पहाटे तीच गाडी, आणि सामानाच्या फळीवर माणसं कशी झोपतात ते बघत गेलं की दौंडपर्यंत मजकूर तयार होतो.

रंगपेटी

मी चित्रकार, पुण्यात असते. "जे चित्रात दिसणार ते शब्दांत ठेवायचं नाही" हे आमच्याकडून लिहून घ्या आणि सगळ्या लेखकांना वाटा. मला एकदा मजकूर आला होता त्यात मुलीच्या रिबिनीचा रंग, मांजराच्या शेपटीची लांबी, सगळं लिहिलेलं. मग मी काय रंगवू, पानाचा आकडा?

पण लेखकांनीही एक करावं. जिथली गोष्ट तिथले फोटो पाठवावेत. "बाबा मागावर काम करतात" एवढंच लिहून पाठवलं तर पुण्यात बसलेला माणूस काय काढणार?

चाटीगल्ली

चरखा काढणार! मला खरोखरच चरखा आला होता. सूत, वात, शेजारी बसलेले प्रसन्न आजोबा. आमच्याकडचा माग म्हणजे विजेवर चालणारा यंत्रमाग. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जातो तेव्हा इतका आवाज होतो की आतली माणसं खुणांनी बोलतात. चादरीचा असेल तर वर जेकार्ड नावाचं यंत्र, त्यात भोकं पाडलेले पुठ्ठे फिरत असतात आणि त्या भोकांवरून नक्षी उमटते. मुलांना हे पुठ्ठ्याचं प्रकरण भयंकर आवडतं. आता मी मजकुराबरोबर कारखान्यातला व्हिडिओ पाठवते, आवाजासकट.

पक्ष्यांचं तर विचारू नका. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या माळढोकाबद्दल एक छोटं पुस्तक होतं, तेव्हा चित्रात झाडावर घरटं आणि घरट्यात तीन अंडी. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, आणि तेही बहुतेक एकच. तो पक्षी इतका दुर्मिळ का झाला, याचं अर्धं उत्तर त्या एका अंड्यात आहे, त्यामुळे तीन अंडी ठेवून चालणारच नव्हतं. चित्रकार बिचारी चांगली होती, पान परत काढून दिलं. पण त्या वेळी आम्हा दोघींनाही जास्तीचे पैसे मिळाले नाहीत.

खडूस_काका

लेखन चांगले आहे पण मूळ मुद्दा पटला नाही. मुलांनी काय शिकायचे हा प्रश्न चुकीचा कसा? आमच्या लहानपणी प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य असायचे आणि त्याने आमचे काही वाईट झाले नाही. हल्ली मुलांच्या पुस्तकांत नुसती गंमत असते. एकशेवीस रुपये देऊन गंमत कशाला घ्यावी?

हुतात्मा_एक्सप्रेस

काका, तुम्ही क्रिकेटची मॅच कुठल्या तात्पर्यासाठी बघता?

मालदांडी

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, अक्कलकोट तालुक्यात. वाचतोय. काकांना एक सांगतो. तात्पर्य असलं की मुलं आधी तात्पर्य पाठ करतात, कारण परीक्षेत तेच येतं, आणि गोष्ट वाचतच नाहीत. हे वर्गात रोज बघतो.

ताई, आमच्या गावात घरी कानडी बोलणारी मुलं खूप. पहिलीत मराठी पुस्तक उघडलं की सुरुवातीला नुसती बघत बसतात. अशांसाठी तुम्ही काही वेगळं करता का?

चाटीगल्ली

सर, हा माझा आवडता विषय, म्हणून लांबण लागणार.

शहरातही हेच. साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर, या पूर्व भागात घरात तेलुगू. वर्गात मी मराठीत वाचते, मुलं आपसात तेलुगूत चर्चा करतात आणि मला मराठीत निकाल सांगतात. सुरुवातीला मला वाटायचं त्यांचं लक्ष नाही. उलट होतं, गोष्ट पकडली म्हणूनच चर्चा चालली होती. आता मी मुद्दाम थांबते आणि म्हणते, आधी तुमचं बोलून घ्या.

लिहिताना एवढंच करते की आवाजाचे आणि पुन्हा पुन्हा येणारे भाग जास्त ठेवते. एक वाक्य दर दोन पानांनी तसंच परत आलं की तिसऱ्या वेळी ते कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्या घरांतली मुलं माझ्याआधी म्हणतात. ते वाक्य सापडलं की पुस्तक झालं, न सापडलं तर चारशे शब्द कितीही चांगले असोत. म्हणून छापायच्या आधी कच्ची वही घेऊन वाचून बघते. चुळबूळ कुठल्या पानावर सुरू झाली ते पेन्सिलीनं मांडते आणि घरी येऊन ते पान उडवते. मोठी माणसं "छान आहे" म्हणतात. दुसरीतला पोरगा "बोअर हाय" म्हणतो आणि खिडकीतून बाहेर बघतो, त्याच्याइतका चांगला संपादक मला अजून भेटला नाही.

आता काकांच्या मुद्द्यावर. एक प्रसंग सांगते, मग तुम्हीच ठरवा.

सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर विडी कामगारांची वसाहत आहे, दहा हजार घरांची. दुपारी तिथं उंबऱ्या-उंबऱ्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार विड्यांचं माप पुरं करायचं तर मान वर करायला फुरसत नसते. सुटीत मी तिथं मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जायचे. मुलं पायरीवर, आया मागे सूप घेऊन. दोनचार पानं झाली की मुलं पळापळ करायची, आणि मी पुस्तक मिटलं की मागून आवाज यायचा, "बाई, थांबला का? पुढं सांगा की." बोटं चालू, कान माझ्याकडे. मुलांसाठी लिहिलेली गोष्ट एकदा मी नुसत्या आयांनाच पुरी वाचून दाखवली.

तिथून एक गोष्ट सुचली. दुसरीतली मुलगी, तिची आई विड्या वळते, मुलीला शाळेत दहाचे गठ्ठे करून मोजायला शिकवतात आणि तिला ते आधीच येतं, कारण घरी आईच्या विड्या मोजून बांधायचं काम तिचंच. बस, एवढीच. बाई वर्गात विचारतात, इतक्या लवकर कसं आलं गं, आणि ती सांगते.

संपादकांना गोष्ट आवडली. पण म्हणाले, आईला विड्यांऐवजी पापड करायला लावा. मुलांच्या पुस्तकात तंबाखू नको, शाळा घेणार नाहीत. आता पापडाचेही गठ्ठे बांधता येतात, गणित कुठं अडत नव्हतं. पण ती मुलगी कुंभारीची राहिली नसती. मी नाही म्हटलं. गोष्ट बराच काळ पडून राहिली, शेवटी दुसरीकडे विड्यांसकट छापली गेली. त्यानंतर एका शाळेनं घेतलेल्या प्रती परतही पाठवल्या, कारण तेच.

खडूस_काका

त्या शाळेचे बरोबरच होते! शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला कायद्याने बंदी आहे, २००३ चा कायदा आहे. आणि तुम्ही थेट दप्तरात नेऊन ठेवता. लहान मूल घरी विड्या बांधते हे तुम्ही कौतुकाने लिहिणार, म्हणजे बालमजुरीचेही समर्थन.

चाटीगल्ली

काका, कायदा विकण्यावर आहे. पुस्तकात कुणी विडी विकत नाही आणि ओढतही नाही. बालमजुरीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो माझ्याही डोक्यात होता. गोष्टीत बाई दुसऱ्या दिवशी आईला भेटायला जातात. पुढं काय बोलणं झालं ते लिहिलेलं नाही. शेवटच्या पानावर दोघी उंबऱ्यावर बसलेल्या आहेत, चित्र आहे, शब्द नाही. कौतुक कुणाचंच नाही.

मालदांडी

ही गोष्ट मी वर्गात वाचलीय, ती तुमची हे आज कळलं! आमच्याकडे विडीकाम नाही, पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आहेत. शेवटच्या पानावर आल्यावर मुलांनीच वाद घातला. एक गट म्हणे बाई ओरडायला आल्या. दुसरा म्हणे नाही, मोजायला शिकायला आल्या. तास संपला तरी मिटेना. काका, यातलं तात्पर्य कुठलं लिहू फळ्यावर?

खडूस_काका

तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही ठरवा. माझे मत कायम आहे. नातीला मी वेगळे पुस्तक घेईन.

रंगपेटी

शेवटचं पान बिनशब्दाचं ठेवणाऱ्या लेखिकेला माझ्याकडून एक चादर.

नवीनलेखणी

मला धागा फार उपयोगी पडतोय. मी बालकथा लिहिते आणि एका प्रकाशकांनी करार पाठवलाय. "सर्व हक्क प्रकाशकाकडे" एवढी एकच ओळ आहे, मुदत वगैरे काही नाही. सही करू का? आणि पैसे साधारण किती मिळतात? लाजत विचारतेय.

चाटीगल्ली

लाजू नका, लाजल्यामुळेच अशा एका ओळीचे करार येतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते संपतात. तरी कायद्याच्या भरवशावर राहू नका, लिहून घ्या. मराठी पुस्तक एवढंच, की अनुवाद, ई-बुक, ऑडिओही? पाठ्यपुस्तकात घेतलं तर? चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर येणार का, हेही त्यातच.

पैशाचं साधं गणित. पुस्तक १२० रुपयांचं, रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीला १२ रुपये. चित्रपुस्तकात ती चित्रकाराबरोबर अर्धी वाटली तर तुमचे ६. हजाराची आवृत्ती सगळी खपली तर सहा हजार, आणि ती खपायला वर्षं जातात. म्हणून कुणी नुसत्या पुस्तकांवर जगत नाही. मी अनुवाद करते, दुसऱ्यांच्या संहिता तपासते, शिक्षकांच्या कार्यशाळा घेते, मासिकांना गोष्टी देते. "किशोर" १९७१ पासून चालू आहे, पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावर वाढली, तिथं गोष्ट आली की अजूनही गावोगावचे शिक्षक कळवतात. दिवाळी अंकांचं मागणं जूनच्या आसपास येतं. शाळा उघडल्याच्या आठवड्यात मी किल्ला, आकाशकंदील आणि थंडी लिहीत असते, घामाघूम होऊन.

जमाखर्ची

अवांतर नाही म्हणून लिहितो. रॉयल्टी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की प्रकाशक १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापतो. तो कापला गेलाय का आणि तुमच्या पॅनवर दिसतोय का, ते तपासत जा, बरेच लेखक बघतच नाहीत. आयकरात पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट आहे. जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. शालेय पाठ्यपुस्तकं, गाइडं, नियतकालिकं त्यात बसत नाहीत.

चाटीगल्ली

तीन लाखांची वजावट! प्रतीला ६ रुपयांनी किती प्रती होतात ते नवीनलेखणी, तुम्ही काढा, मला धीर होत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

पन्नास हजार प्रती. एका वर्षात. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

बवर्ग

मी ग्रंथपाल, तालुक्याच्या गावी "ब" वर्गाचं वाचनालय. ताईंनी ग्रंथपालांना मोठ्या माणसांत ढकललंय, त्यावर आमचीही बाजू. मुलांची पुस्तकं हातात द्यायला आम्हाला आवडतं, पण चित्रपुस्तक म्हणजे पातळ कागद आणि मध्ये दोन टाचण्या. चार मुलांनी वाचलं की पानं सुटतात. तपासणीच्या वेळी नोंदवहीत पुस्तक आहे आणि कपाटात नुसती पानं, याचं उत्तर मला द्यावं लागतं. म्हणून बरीच वाचनालयं बालविभागाला कुलूप लावून बसतात. चूक आहे, पण कारण हे आहे.

आणि पुस्तकं मागवायची कशी? रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाल्यापासून छोटे प्रकाशक कुरियरचा खर्च आमच्यावर टाकतात.

चाटीगल्ली

तुमचं कारण पटलं. पुढच्या करारात धाग्याची शिलाई मागून बघते, पण किंमत वाढते आणि मग तुम्हीच म्हणाल महाग झालं.

पोस्टाचं सांगते. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ ला बंद झालं तेव्हा मीही हातपाय गाळले होते. १ मे २०२५ पासून "ज्ञान पोस्ट" नावाची सेवा आलीय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, आणि पार्सल कुठं पोचलं ते बघता येतं. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो. एक चित्रपुस्तक ३०० ग्रॅममध्ये आरामात बसतं. खिडकीवरच्या माणसाला सेवेचं नाव स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं स्पीड पोस्टच करून देतात. माझ्या आठवड्यातली एक दुपार या खिडकीवरच जाते. पाकिटं, डिंक, पत्ते, आणि रांगेतल्या आजोबांचा प्रश्न, "एवढी लग्नं कुणाची?"

मालदांडी

पुस्तकं परवडत नसतील त्यांच्यासाठी आणखी एक: स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सनी २०१५ ला सुरू केलेलं संकेतस्थळ आहे, गोष्टी खुल्या परवान्यात आहेत, छापून घ्यायलाही हरकत नाही. एकच गोष्ट मराठीत आणि कानडीत मिळते, मी दोन्ही छापून शेजारी शेजारी लावतो. आज्या येऊन कानडीतली वाचतात.

रंगपेटी

तिथं लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव कापू नका फक्त. परवान्याची अटच ती आहे. बरेच जण छापताना नेमकं तेवढंच पान गाळतात.

नवीनलेखणी

करार परत पाठवला. मुदत, भाषा आणि ई-बुक वेगळं लिहा, असं मी त्यांना म्हणाले. त्यांनी "बघतो" म्हटलंय. आता धडधडतंय.

चाटीगल्ली

"बघतो" म्हणजे नकार नाही. तोवर दुसरी गोष्ट लिहायला घ्या.

मालदांडी

ताई, शेवटचं. आमच्या शाळेत याल का? मानधन फार देता येणार नाही, येण्याजाण्याचा खर्च देऊ. आणि तो ऑक्टोबरातला दिवस सोडून.

चाटीगल्ली

तो दिवस सोडून म्हणालात, तिथंच जिंकलंत सर. ऑगस्टमध्ये येते, दिवस व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून ठरवू. माझ्या अटी सांगून ठेवते: एका वेळी एकच वर्ग, सगळी शाळा मैदानात बसवू नका. माईक नको. मुलं जमिनीवर तर मीही जमिनीवर, खुर्ची आणि टेबलावरचा फुलांचा गुच्छ आत ठेवा. परिचय करून देणारं भाषण नको. सत्कार करायचाच असेल तर वाचून झाल्यावर, मुलं सुटल्यावर. कानडी येणारी एखादी आजी मागे बसली तर फार बरं. आणि एका मुलाला आधीच सांगून ठेवा, बोअर झालं की हात वर कर म्हणावं.